बिनफोडणीचं वरण

लाईट गेली. पंख्यानं उगाच दोन फेऱ्या मारल्या, कुरकुरला आणि थांबला. भंडाऱ्याजवळच्या शहापूरची भर दुपार, समोरच्या हायवेवरही कधी नव्हे ते एका ट्रकचा आवाज नाही, आणि त्या शांततेत स्वयंपाकघरातून बारीकसा आवाज आला. फस्स्स्. कोणी दातांच्या फटीतून श्वास सोडावा तसा. मोनिका मधल्या खोलीत जरा आडवी झाली होती. रात्री रात्री जागून अंग शिणलं होतं. पोरीला कांजण्या निघालेल्या, फोड खाजवू नये म्हणून तिचे दोन्ही हात धरून बसायचं, आणि आता आई सानगडीहून आली म्हणून कुठे डोळा लागत होता. आवाज ऐकला आणि तिच्या हातांवर काटा आला. काटा आधी आला, कशाचा ते मागून. उठून बसेपर्यंत तिला एवढंच कळलं होतं की हा आवाज आपल्या ओळखीचा आहे, तो आपण अशाच दुपारी, अशाच दारं लावलेल्या घरात, गोधडीत पडून ऐकलेला आहे, आणि त्याच्या मागून आता चमचा वाजेल. वाजला. स्टीलच्या पेल्यात चमचा फिरला, आणि त्याच्यासोबत काचेच्या बांगड्या.

"ऊठ व माय, बस थोडशी," पुढच्या खोलीत आई रिधूला म्हणत होती. "पाय कसं नाचून राहिलं पानी. तुया मामाले लय आवडे हे. नाकात गुदगुल्या होतेत म्हने, अन् हासे."

"मामा म्हंजे फोटोतला?"

"हो, फोटोतला. गोलूमामा. घे, एका दमात पे."

मोनिका पुढच्या खोलीत कशी पोचली ते तिचं तिलाच आठवलं नाही. पेला रिधूच्या ओठांना लागलेला नव्हता. नाकाशी होता. पोरगी उडणारे बारीक थेंब नाकावर घेत होती आणि हसत होती, चेहऱ्यावरच्या फोडांसकट हसत होती. मोनिकानं पेला हिसकला. थोडं पाणी चादरीवर सांडलं, थोडं आईच्या पातळावर, उरलेलं तिनं तशीच मोरीपर्यंत जाऊन ओतलं आणि वरून बादलीभर पाणी टाकलं, जसं काही ते पाणी नळीतून परत वर येणार होतं.

"अवं! कायले सांडवलं?" आई मागून आली.

"काय होतं ते?"

"काय राहीन? डोक्याची गोळी होय. पोट्टीचं अंग तापून राहिलं. तू झोपली होतीस म्हून तुले उठवलं नाई."

"तापाचं सिरप देल्लं ना डाक्टरनं. तुले दाखवून ठेवलं होतं, आई. त्या फ्रिजवर."

"ते तर दवाई होय." आई समजुतीच्या सुरात बोलली, लहान पोरीला सांगावं तसं. "मायच्या दिवसात डाक्टरची दवाई देत नाई, बेटा. माय कोपते. हे दवाई थोडीच होय? हे तर दुकानातली होय."

हे तर दुकानातली होय. मोनिका ओट्याला टेकून उभी राहिली. आईच्या बोलण्यात काही लपवाछपवी नव्हती; ती सानगडीच्या घराचा कायदा सांगत होती, आणि मोनिका त्याच कायद्यात वाढली होती. घरात कोणाच्या अंगावर फोड आले की ते फोड नसायचे, ती माय असायची. माय आली म्हणायचं, हळू आवाजात, पाहुणी आल्यासारखं. दाराला कडुलिंबाचा डहाळा लागायचा. कोणी केस विंचरायचं नाही, कोणी दाढी करायची नाही, कढईत तेल पडायचं नाही, फोडणीचा चरचर आवाज मायला सोसत नाही. आणि दवाई नाही. दवाई म्हणजे सुई, दवाई म्हणजे बाटली, दवाई म्हणजे ते जे डॉक्टर कागदावर लिहितो. पण मोठेबाबाच्या, म्हणजे बाबांच्या थोरल्या भावाच्या, किराणा दुकानात, बिस्किटांच्या आणि शॅम्पूच्या माळांच्या शेजारी जी गोळ्यांची पट्टी खिळ्याला लटकलेली असायची ती दवाई नव्हती. ती सुपारीसारखी होती, उदबत्तीसारखी होती. ती कोणीही मागायचं आणि कोणीही द्यायचं. बायांचं धानाच्या रोवण्यात कंबरडं मोडलं की ती, म्हाताऱ्याचं डोकं चढलं की ती. कायद्याला एवढं मोठं भगदाड होतं आणि ते कोणाला दिसत नव्हतं, कारण त्या भगदाडातून सगळं गावच ये-जा करत होतं.

ओट्यावर फाडलेला कागद पडला होता. चांदीच्या रंगाचा, मागं निळी अक्षरं. आईनं येताना पट्टी सोबत आणली होती. पोरीला माय आली असं फोनवर कळल्यावर तिनं पिशवीत कडुलिंब भरला, दह्याचा डबा भरला आणि जाता जाता मोठेबाबाच्या दुकानातून ही घेतली असणार. मोनिकानं कागद उजेडात धरला. मुंग्यांएवढी अक्षरं. त्यात तो शब्द होता. सोमवारी भंडाऱ्याला डॉक्टरनं तो उच्चारला होता, तिच्याच वयाची, केसांचा घट्ट अंबाडा घातलेली बाई, रिधूच्या पोटावरचे फोड बघता बघता सहज म्हणाली होती, "तापाला फक्त हे सिरप. ॲस्पिरिन असलेली कोणतीही गोळी चुकूनसुद्धा द्यायची नाही हं. कांजण्यांमध्ये ती दिली तर एखाद्या मुलाच्या मेंदूवर सूज येते, लिव्हर खराब होतं. क्वचित होतं, पण झालं तर फार वेगानं जातं. रे सिंड्रोम म्हणतात." मोनिका हो हो म्हणाली होती. तिचं लक्ष बाहेर उन्हात लावलेल्या स्कूटीकडे होतं, कॉलेजच्या लायब्ररीत अजून किती सुट्टी मागता येईल ह्याकडे होतं. घरी आल्यावर तिनं आईला सिरप दाखवलं. गोळीचं काही सांगितलं नाही, कारण घरात अशी गोळी नव्हतीच. शब्द कानावरून गेला होता आणि कुठेतरी पडून राहिला होता. आता फसफसला.

गोलूचे फोड वाळले होते. हे तिला स्वच्छ आठवत होतं, कारण तिला त्याच्या खपल्यांची किळस येत होती आणि ते ती त्याला सांगायची आणि तो मुद्दाम गाल तिच्या गालाला घासायला यायचा. ताप उतरत आला होता. गावाबाहेरच्या मातामायच्या देवळात पाणी टाकायचं, दहीभाताचा नैवेद्य न्यायचा, सगळं ठरलं होतं. दुपारी दुपारी त्याचं अंग पुन्हा चटकायचं तेव्हा आई ते पाणी करायची. फस्स्स्. मोनिका बाजूच्या गोधडीत पडून ऐकायची आणि तिला हेवा वाटायचा. आपल्यालाही माय यावी, आपल्यालाही पेल्यात नाचणारं पाणी मिळावं. गोलू पेला नाकाशी धरून हसायचा, आई म्हणायची पे लवकर, नाच सरला की मग कडू लागते. पेल्याच्या बुडाशी उरलेला पांढरा साका मोनिका बोटानं चाटायची. आंबट, खारट, जिभेला बारीक चावणारा. ती चव आत्ता, शहापूरच्या ह्या भाड्याच्या घरात, तोंडात आली आणि तिनं मोरीत थुंकलं.

मग तो ओकायला लागला. खाल्लेलं नव्हतंच पोटात, तरी ओकत राहिला. पाणी दिलं तर पाणी. मग निजून राहिला, हाक मारली तर ओ देईना, आणि मग एकदम उठला तो वेगळाच. डोळे मोठे. आईकडे बघून म्हणाला, "हे कोन होय? हाकला हिले." आई जवळ घ्यायला गेली तर तिच्या मनगटाला चावला, असा की मोठाईनं त्याचा जबडा धरून सोडवला. मोठाई म्हणजे मोठेबाबाची बायको चंद्रकांता, घरातली सगळ्यात जाणती बाई. तिनंच सांगितलं की माय अंगात खेळून राहिली. कडुलिंबानं वारा घालत राहिले, लिंबू उतरवलं, नारळ फोडला, बायका हात जोडून बसल्या. चार-पाच वर्षांचं पोर किंचाळत होतं आणि त्याच्यापुढे मोठी माणसं हात जोडून बसली होती. मोनिका दाराआडून बघत होती. तिला वाटलं होतं, आता माय गोलूच्या तोंडून काहीतरी मागेल आणि ते दिलं की गोलू परत येईल. शेवटी जीप आली, साकोलीला नेलं, तिथून पुढे भंडाऱ्याला न्या म्हणाले. त्याच जीपनं परत आले.

इथपर्यंतचं मोनिकानं कितीदा तरी आठवलं होतं. इथून पुढचं तिनं आजवर रागानं आठवलं होतं, पण तो राग चुकीच्या रस्त्यानं धावत होता हे तिला आत्ता ओट्याशी उभं राहून कळत होतं आणि त्यानं तो कमी होत नव्हता, दुप्पट होत होता. कारण गोलू आजारी असताना मोठेबाबाकडे गोंदियाचा धानाचा व्यापारी आला होता. मोठेबाबा म्हणाले, पाहुण्याच्या ताटात काय उकडलेलं ठेवू? घरात माय आहे, असं आई म्हणाली. म्हणजे म्हणाली असेल, मोनिकानं ऐकलं नव्हतं, पण नंतर मागच्या अंगणात, गोठ्याच्या आडोशाला तीन विटांवर कढई चढलेली तिनं पाहिली होती. लसूण, मोहरी, लाल मिरची. आई पदरानं धूर हाकलत होती, घराकडे जाऊ नये म्हणून. व्यापारी जेवला, ढेकर देऊन गेला. आणि गोलूच्या तेराव्याला, भरल्या घरात, मोठाईनं आईचा हात वर धरून सगळ्यांना दाखवला होता. "हाच हात होय. ह्याच हातानं फोडणी देल्ली अन् ह्याच हातानं पोट्टं गमावलं." मोठेबाबा तिथंच बसले होते. सुपारी कातरत होते. आपण सांगितली होती फोडणी, असं ते बोलले नाहीत. बाबा बोलले नाहीत. बाबांचं नाव भोजराज; मोठ्या भावापुढे मान वर न करणारा माणूस, त्याचं सगळं गाव कौतुक करायचं, काय पण भाऊ आहे म्हणून. आणि आई तर बोललीच नाही. तिनं हात सोडवूनही घेतला नाही.

त्या दिवसापासून आईनं फोडणी दिली नाही. वीस-बावीस वर्षं झाली. मोनिकाचं सगळं लहानपण बिनफोडणीच्या वरणात गेलं. भाजी उकडायची, वरून मीठ, वरून कच्चं तेल. शाळेत डबा उघडला की पोरी नाक मुरडायच्या. पुढे चुली वेगळ्या झाल्या, आणि मोठाई भरल्या पंगतीत म्हणायची, "सुमित्राच्या घरी जेवाले गेलं की दवाखान्यात भरती झाल्यावानी वाटते बाप्पा," आणि लोक हसायचे, आई पण हसायची. बाबा संध्याकाळी चप्पल घालून भावाच्या घरी जेवायला जायचे. आपल्या बायकोच्या हाताची शिक्षा बायकोनं भोगावी, त्यांना चमचमीत लागायचं. मोनिकाच्या लग्नात आचाऱ्यानं फोडणी दिली तेव्हा आई मांडवाच्या दुसऱ्या टोकाला जाऊन बसली. इथं आली की पहिल्या दिवशी सांगायची, तू कर तुझं, मी बाजूला होते, आणि मोहरी तडतडली की अंगणात निघून जायची, तुळशीची पानं उगाच पुसत बसायची. नवरा, भूषण, एकदा थट्टेनं म्हणाला होता, तुझ्या आईला मोहरीची ॲलर्जी आहे काय. मोनिका त्याच्याशी दोन दिवस बोलली नव्हती, पण सांगितलंही नव्हतं.

आणि मोठेबाबा! मागच्या दिवाळीला ते खुर्चीत बसून होते, छातीत दुखून आल्यापासून सगळे त्यांना फुलासारखं जपतात, आणि त्यांनी सदऱ्याच्या खिशातून गोळ्यांची पट्टी काढून जावयाला दाखवली होती. रोजची एक. रक्त पातळ ठेवते म्हणे. नागपूरच्या मोठ्या डॉक्टरनं सांगितलंय, ही आहे तोवर मरत नाही मी. तेव्हा भूषणनं ती हातात घेऊन नाव वाचलं होतं आणि म्हणाला होता, हो, ॲस्पिरिनच आहे, सगळ्यांना देतात. मोनिका तिथंच शेव वाढत होती. त्याच गोळीची एक बहीण खिळ्याला टांगून त्यांनी अर्ध्या गावाला विकली, तिनं गोलू गेला, आणि तिच्याच दुसऱ्या बहिणीवर ते जगतायत. कोणाला ओरडून सांगायचं हे? कोणाच्या दारात उभं राहून? तिला वाटलं, आत्ताच्या आत्ता स्कूटी काढावी, सानगडीपर्यंत उन्हात जावं, दुकानाच्या ओट्यावर चढावं आणि ती माळ खिळ्यावरून ओढून काढावी, मोठाईला हाताला धरून समोर उभी करावी, ये, आता दाखव सगळ्यांना, कोणता हात होता ते दाखव.

आणि इथं राग येऊन आपटला. कारण हात तोच होता. मोठाईनं हात बरोबर धरला होता, फक्त त्या हातात काय होतं ते चुकलं होतं. पेल्यात चमचा फिरवणारा हात, काचेच्या बांगड्यांचा, गोलूच्या दातांचा अर्धा चंद्र अजून मनगटावर असलेला. पे लवकर, नाच सरला की मग कडू लागते. मोनिकाला क्षणभर आईचाच राग आला, असा लख्ख राग, की तिनं ओट्याची कड दोन्ही हातांनी धरली. बाई, तुला एकदाही वाटलं नाही? पोरगं सुधारत होतं आणि गोळीनंतर बिघडलं, एकदाही नाही? मग लगेच वाटलं, कुठून वाटणार? तिला वाटायला जागा कोणी ठेवली होती? सगळा विचार त्या फोडणीनं भरून टाकला होता, घागरीच्या तोंडापर्यंत. आणि तो घरातल्यांनी भरला होता. ती फोडणीचा दोष उरावर घेऊन जगू शकली, कारण तो खोटा होता आणि तिला आतून कुठेतरी माहीत असणार की आपण पाहुण्यासाठी, थोरल्या दिराच्या शब्दासाठी केलं. हा दुसरा दोष खरा होता. ह्याच्यात कोणाचा शब्द नव्हता, फक्त तिची माया होती. तो तिच्या हातात दिला तर ती काय सोडेल? श्वास?

मोबाईल घेऊन ती अंगणात गेली, स्कूटीच्या सावलीत उभी राहिली आणि डॉक्टरला फोन लावला. रिधूनं प्यायलं नाही हे आधी सांगितलं. मग म्हणाली, मॅडम, एक जुनं विचारायचं होतं. सांगताना तिचा आवाज लायब्ररीतल्यासारखा झाला, हळू, नीट. फोड वाळत आलेले, मग ओकाऱ्या, मग गुंगी, मग ओळखेना, चावला. पलीकडे डॉक्टरनं शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग म्हणाली, "आता इतक्या वर्षांनी खात्रीनं कोणीच सांगू शकणार नाही. रक्त तपासलेलं नाही, काही नाही. पण तुम्ही जे सांगता ना, ते पुस्तकात लिहिल्यासारखं आहे." आणि पुढं, "कोणी दिली होती गोळी, त्यांना दोष देऊ नका हं. त्या काळी सगळेच देत होते. कोणाचीच चूक नाही."

कोणाचीच चूक नाही. फोन ठेवल्यावर मोनिकाला हे वाक्य चावायला लागलं. वा. फोडणी होती तेव्हा चूक होती, तेव्हा चुकीला नाव होतं, गाव होतं, हात होता, भरल्या घरात वर धरून दाखवता येत होता. आता खरं कारण सापडलं तर म्हणे कोणाचीच नाही. वीस वर्षं एक बाई अळणी जेवली, त्याचा जबाब कोण देणार? मोठेबाबाला विचारलं तर ते म्हणतील आमाले का माहीत बाई, कंपनीवाला आनून देत होता, आमी इकत होतो. मोठाई म्हणेल, तरी पन माय कोपलीच ना. बाबा चप्पल घालतील. आणि माय? ती मातामायच्या देवळात शेंदूर लावून बसलेली आहे, तिला दवाई चालत नाही आणि दुकानातली गोळी चालते. मोनिकाच्या डोळ्यांना पाणी आलं ते दुःखाचं नव्हतं. शेजारच्या पुष्पाबाईंनी कुंपणावरून विचारलं, "का झालं व, पोट्टी बरी आहे ना?" ती म्हणाली, हो, कांदा चिरत होते. अंगणात उभं राहून.

पण सांगणं भाग होतं. उद्या तिला कॉलेजात जायचं होतं, आणखी सुट्टी मिळत नव्हती, भूषण सकाळच्या बसनं नागपूरला जातो तो दिवे लागल्यावर येतो, आणि दिवसभर रिधू आईजवळ. सिरप म्हणजे दवाई. पट्टी पिशवीत. नुसतं नको म्हटलं तर आई हो म्हणेल आणि पोरीचं अंग तापलं की तिची माया तिला बसू देणार नाही. का नको ते सांगावंच लागेल. आणि फोडणीचं? तेही आता पोटात ठेवणं म्हणजे मोठाईच्या शेजारी जाऊन बसणं. मोनिकानं ठरवलं: दोन्ही गोष्टी सांगायच्या, पण वेगवेगळ्या. एक पुढच्या खोलीत, एक स्वयंपाकघरात. वायरची दोन टोकं धरावीत तशा दोन हातांत धरायच्या, एकमेकींना लागू द्यायच्या नाहीत. आईचं ओझं अर्धं उतरवायचं आणि उरलेलं अर्धं आपण ठेवून घ्यायचं, जन्मभर. घेऊ आपण. सवय आहे ह्या घरातल्या बायांना.

ती आत आली. रिधू दिवाणावर उताणी पडून बोटं मोजत होती. आई ओल्या चादरीखाली कोरडं फडकं सारत होती, जरा रुसलेली.

"आई, ते पट्टी दे मले."

"घे बाप्पा. पन पट्टीनं तुयं काय केलं?"

"अवं, ह्या गोळीनं बिघडते. माय आलेल्या लेकराले हे देल्ली ना, तर मेंदूवर सूज येते. लिव्हर खराब होते. मोठ्या मानसाले चालते, लेकराले नाई. डाक्टरनं पक्कं सांगतलं."

"असं?" आईनं पदरानं हात पुसले. "दुकानात तर सारेच घेतेत व."

"घेऊ दे साऱ्यांले. रिधूले नाई द्याची. माही शपथ घे."

"शपथ कायले? एकडाव सांगतलं, समजलं." पण आईनं हात पुढे करून रिधूच्या डोक्याला लावला आणि शपथ घेतली. मोनिकानं तिच्या चेहऱ्याकडे पाहिलं. काही हललं नव्हतं तिथं. पाणी तसंच होतं, संथ. एक टोक सुखरूप ठेवलं गेलं. मोनिकानं पट्टी कात्रीनं बारीक कापली आणि कचऱ्यात टाकली, आणि मग आईच्या मागं मागं स्वयंपाकघरात गेली. कुकरमधलं वरण आईनं पातेल्यात ओतलं होतं, पिवळं, गुळगुळीत, बिनवासाचं. रवीनं घोटत होती. लाईट अजून आली नव्हती. घर इतकं शांत होतं की रवी पातेल्याच्या बुडाला लागलेली ऐकू येत होती.

"आई. गोलू फोडणीनं नाई मेला."

रवी थांबली नाही. थोडी हळू झाली.

"त्याले बिमारी होती," मोनिका म्हणाली. तिनं हे वाक्य अंगणात तयार करून आणलं होतं. "मी डाक्टरले विचारलं. त्याचं ते ओकनं, वळखत नव्हता, चावला, ते सारं बिमारीचं होतं. तिले नाव आहे. फोडणीचा काई संबंध नाई. कढईत तेल पडल्यानं लेकरू मरत नाई, आई."

"डाक्टरले विचारलं तू?" आईनं मान वळवली. "काय विचारलं? फोडणीनं माय कोपते का म्हून?"

"हो."

"पागल." आई हसली, खरंच हसली, पदर तोंडाशी नेला. "डाक्टरले असं विचारतेत का? काय म्हनली असंन ते बाई." मग हसणं तसंच चेहऱ्यावर राहिलं आणि त्याच्याखाली दुसरंच काहीतरी यायला लागलं. "नाव आहे म्हनते त्याले?"

"आहे."

"मंग मी एवढे साल..." आईनं वाक्य पुरं केलं नाही. रवी वरणात ठेवली. ती पातेल्यात बघत राहिली, जसं काही त्या पिवळ्या पाण्याला तळ आहे आणि तो आत्ता दिसणार आहे. "तुये बाबा म्हनत, एक दिवस तरी दे व. मी नाई देल्ली. ते उठून जात. मी म्हनो, जाऊ दे, माह्यंच पाप होय, त्याईनं कायले अळनी खावं." आणि मग, एकदम, सासुरवाशिणीनं विचारावं तशा अनोळखी आवाजात, "मोना, तेल कुठी ठेवतेस तू?"

मोनिकानं बरणी दाखवली. आईनं पळी काढली, पुसली, तेल ओतलं, गॅस पेटवला. मोनिकाच्या तोंडून सवयीनं निघून गेलं, "आई, घरात माय आहे." आई म्हणाली, "तूच म्हनतेस ना, काई संबंध नाई." आणि मसाल्याच्या डब्यातून मोहरी घेतली, मुठीत धरली. बांगड्या वाजत होत्या, मनगटावरचा दातांचा चंद्र गॅसच्या उजेडात पांढरा दिसत होता. मोनिकाला वाटलं, बस, एवढंच ऐकायचं आहे आपल्याला, ह्या बाईच्या हातची मोहरी एकदा तडतडलेली, बाकी सगळं मी गिळते. पळीतल्या तेलाला वर बारीक लाटा यायला लागल्या. आई त्याच्याकडे बघत वाट पाहत होती. मूठ तेलाच्या वर आली.

पुढच्या खोलीत दिवाण कुरकुरला. अनवाणी पावलं आली आणि दारात थांबली. रिधू, अंगभर फोड, एका हातानं चौकट धरून, दुसऱ्या हाताचं बोट अजून मोजणीवरच थांबलेलं, डोळे मोनिकाकडे. बिनपंख्याच्या घरात तिचा आवाज सरळ ओट्यापर्यंत आला.

"आई, मामा पन तेच नाचनारं पानी पेत होता ना? मंग त्याच्या पन मेंदूवर सूज आली होती का?"